मायक्रोआरएनए आणि किडनीचे आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनीच्या कुठल्याही नेहमीच्या रिपोर्टमध्ये मायक्रोआरएनए हा शब्द सापडत नाही. क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ) असतं, ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) असतो, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन असतं. तरी किडनीवरच्या संशोधनाच्या बातम्यांत मायक्रोआरएनएचं नाव सतत येतं आणि बहुतेक वेळा "आता निदान सोपं होणार" किंवा "नवं औषध सापडलं" अशा थाटात येतं. ते वाचून जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथली गोष्टच गुंतागुंतीची आहे.

मायक्रोआरएनए म्हणजे नेमकं काय?

जनुकाची प्रत काढली जाते, ती प्रत म्हणजे संदेशवाहक आरएनए. हा निरोप केंद्रकातून बाहेर पडतो आणि त्यावरून प्रथिन तयार होतं. एवढं शाळेत शिकलेलं असतं. मायक्रोआरएनए हा या साखळीतला मधला माणूस. त्याच्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही. तो जेमतेम २२ अक्षरांचा (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक दुवा) तुकडा असतो आणि दुसऱ्याच्या निरोपाला चिकटून त्याचं प्रथिन कमी बनेल अशी व्यवस्था करतो.

तो तयारही कापाकापीतूनच होतो. आधी केंद्रकात एक लांब धागा बनतो आणि केसांच्या पिनेसारखा स्वतःवरच दुमडतो. ड्रोशा नावाचं विकर त्याचा सुमारे ७० अक्षरांचा तुकडा काढतं. तो तुकडा केंद्रकाबाहेर येतो, तिथे डायसर नावाचं दुसरं विकर त्याला पुन्हा छाटतं आणि उरलेला धागा आर्गोनॉट या प्रथिनात बसवला जातो. आर्गोनॉट मग त्याला घेऊन जुळणारे निरोप शोधत फिरतं.

जुळणी पूर्ण लागत नाही, आणि पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथेच आहे. दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतचा छोटासा भाग, ज्याला बीज म्हणतात, तेवढा जुळला तरी बहुतेक वेळा भागतं. सात अक्षरं जुळणारे निरोप पेशीत पुष्कळ सापडतात. म्हणून एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर थोडाथोडा हात ठेवून असतो, आणि एकाच जनुकावर अनेक मायक्रोआरएनएंचे हात असतात.

हे कधी सापडलं?

१९९३ मध्ये, एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीत. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी लिन-४ नावाचं जनुक शोधलं. ते प्रथिन न बनवता दुसऱ्या जनुकाला आवर घालत होतं. पुढची सात वर्षं हा त्या कृमीचाच काहीतरी विक्षिप्तपणा आहे असं धरलं गेलं. २००० मध्ये लेट-७ सापडलं, ते माणसासकट असंख्य प्राण्यांत निघालं आणि मग सगळे जागे झाले. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे मायक्रोआरएनए जनुक बंद करतो?

सहसा नाही. तो बटणापेक्षा पंख्याच्या रेग्युलेटरसारखा आहे. बहुतेक लक्ष्यांचं प्रथिन तो निम्म्यावरही आणत नाही, थोडं उतरवतो. मग त्याचा एवढा बोलबाला का? कारण एकाच वाटेवरच्या दहा-वीस जनुकांना तो एकदम थोडंथोडं उतरवतो, आणि एकूण परिणाम मोठा दिसतो. पेशी निरोगी, निवांत असताना त्याचं असणं-नसणं कित्येकदा जाणवतही नाही. इजा झाली, ताण आला की फरक दिसतो.

किडनीचा आणि याचा संबंध खरोखर सिद्ध झाला आहे का?

झाला आहे, आणि माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा कुठल्याही एका मायक्रोआरएनएचा नसून डायसरचा आहे. डायसर काढून टाकलं की त्या पेशीतले जवळजवळ सगळेच मायक्रोआरएनए बनायचे थांबतात.

२००८ मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधकगटांनी उंदरांच्या पोडोसाइट पेशींतून तेवढं डायसर काढलं. पोडोसाइट म्हणजे किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या गाळणीला बाहेरून बोटांसारखे फाटे फुटून मिठी मारून बसलेल्या पेशी. रक्तातली प्रथिनं लघवीत जाऊ नयेत हे त्यांचं मुख्य काम. या उंदरांच्या लघवीतून जन्मानंतर काही आठवड्यांतच प्रथिनं जाऊ लागली, गाळण्यांवर चट्टे पडले, किडनी निकामी होऊन उंदीर मेले. तिन्ही गटांचा निष्कर्ष एकच. जीवशास्त्रात असं फार वेळा घडत नाही.

आता दुसरा प्रयोग. २०१० मध्ये हेच डायसर गाळणीच्या पुढच्या नळीतून, म्हणजे प्रॉक्सिमल ट्यूब्यूलच्या पेशींतून काढलं. हे उंदीर धडधाकट राहिले. एवढंच नाही, किडनीचा रक्तपुरवठा काही वेळ तोडून पुन्हा सुरू केल्यावर त्यांना नेहमीच्या उंदरांपेक्षा कमी इजा झाली.

एकाच अवयवातल्या शेजारी-शेजारी बसलेल्या दोन पेशी. एकीतून मायक्रोआरएनए काढले तर मरण, दुसरीतून काढले तर संरक्षण. हे दोन प्रयोग एकत्र डोक्यात ठेवले, तर पुढे येणारी बरीच उलटसुलट माहिती गोंधळात टाकणार नाही.

मधुमेहामुळे किडनी बिघडते त्यात यांचा काय वाटा?

इथे मिर-१९२ ची गोष्ट सांगावी लागते (मिर हे मायक्रोआरएनएचं छोटं रूप, पुढचा आकडा त्याचं नाव). २००७ मध्ये असं दिसलं की उंदरांच्या मेसँजियल पेशींना (गाळणीतल्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी) टीजीएफ-बीटा दिलं की मिर-१९२ वाढतो. टीजीएफ-बीटा हे चट्टे पाडण्याचा हुकूम देणारं प्रथिन. मधुमेहात किडनीत ते वाढलेलं असतं. मिर-१९२ वाढला की कोलॅजनला आवर घालणारं एक प्रथिन कमी होतं, म्हणजे कोलॅजन वाढतं. मधुमेही उंदरांच्या गाळण्यांतही तो वाढलेला होता. साखळी जुळली, खलनायक सापडला.

तीन वर्षांनी मधुमेही रुग्णांच्या किडनीच्या बायोप्सी तपासल्या गेल्या, तर चित्र उलटं. ज्यांच्या किडनीत चट्टे जास्त आणि ईजीएफआर कमी, त्यांच्यात मिर-१९२ सगळ्यात कमी. आणि नळीच्या पेशींना टीजीएफ-बीटा दिल्यावर मिर-१९२ वाढायच्या ऐवजी घटला.

कोण चुकलं? बहुधा कोणीच नाही. एका गटाने गाळणीतल्या पेशी पाहिल्या, दुसऱ्याने मुख्यतः नळीच्या. एकाने आजाराची सुरुवात पाहिली, दुसऱ्याने शेवटाकडे आलेली किडनी. उंदीर आणि माणूस हा फरक आहेच. बायोप्सीच्या तुकड्यात बहुतांश ऐवज नळ्यांचाच असतो, त्यामुळे गाळणीत काय चाललंय ते त्यात झाकलं जातं. "अमुक मायक्रोआरएनए मधुमेही किडनीला वाईट" अशी बातमी वाचलीत, तर कुठल्या पेशीत आणि आजाराच्या कुठल्या टप्प्यात, हे त्याखाली लिहिलंय का ते पाहा. नसेल तर ती बातमी अर्धीच आहे.

मिर-२१ चं नाव सारखं ऐकू येतं. तो काय करतो?

किडनीला कुठूनही मार बसो, मधुमेहाचा, अडलेल्या मूत्रमार्गाचा किंवा तुटलेल्या रक्तपुरवठ्याचा, मिर-२१ वाढतोच. इतका हमखास वाढतो की त्याचं वाढणं ही इजेची खूण आहे की इजेचं कारण, हा प्रश्न बरीच वर्षं होता.

२०१२ मध्ये मिर-२१ मुळातच नसलेले उंदीर तपासले गेले. एरवी ते अगदी नेहमीच्या उंदरांसारखे. पण किडनीला इजा केल्यावर त्यांच्यात चट्टे कमी पडले. म्हणजे मिर-२१ नुसती खूण नव्हता. तो पेशीची चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याची यंत्रणा दाबत होता, आणि नळीच्या पेशींचा तर सगळा संसार त्या ऊर्जेवर चालतो. ती तुटली की पेशी थकतात, मरतात आणि मोकळ्या जागी तंतू भरतात.

यावरून औषध बनलं, लाडेमर्सन नावाचं. मिर-२१ ला जुळणारा, रासायनिक बदल करून टिकाऊ केलेला एक छोटा धागा; तो मिर-२१ ला पकडून ठेवतो. अल्पोर्ट सिंड्रोमच्या उंदरांवर तो वापरला गेला. हा आनुवंशिक आजार, गाळणीच्या पडद्यातलं चौथ्या प्रकारचं कोलॅजन यात सदोष असतं आणि किडनी हळूहळू निकामी होते. उंदरांवरचा निकाल उत्तम होता: लघवीतली प्रथिनं घटली, चट्टे घटले, आयुष्य वाढलं.

माणसांवरची दुसऱ्या टप्प्याची चाचणी २०२२ मध्ये मधेच थांबवली. औषधाने अपाय केला म्हणून नाही; ते बऱ्यापैकी सोसलं गेलं. पण किडनीचं काम घसरण्याचा वेग औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत सारखाच निघाला.

मला हा निकाल निराशाजनक वाटतो, पण आश्चर्यकारक नाही. उंदरांना औषध आजाराच्या अगदी सुरुवातीला मिळालं होतं, आणि एका आईबापाचे ते उंदीर जवळजवळ एकमेकांच्या प्रती असतात. माणसं दवाखान्यात येतात तेव्हा बरंच नुकसान आधीच झालेलं असतं.

किडनीचं भलं करणारे मायक्रोआरएनए नाहीत का?

आहेत. मिर-२९ कोलॅजनच्या कित्येक जनुकांना थेट दाबून ठेवतो. टीजीएफ-बीटा वाढलं की मिर-२९ घटतो आणि कोलॅजन मोकाट सुटतं. मिर-२०० चं कुटुंब नळीच्या पेशींना त्यांचा मूळ स्वभाव सोडू देत नाही. मिर-३० पोडोसाइटना जपतो. अर्थात, "भलं" हा शब्द वर सांगितलेल्या अटींसह घ्यायचा.

पॉलिसिस्टिक किडनीवर मायक्रोआरएनएचं औषध येतंय हे खरं का?

येऊ घातलंय, आणि सध्या या सगळ्या क्षेत्रात मला सगळ्यात आशा वाटते ती इथेच.

पॉलिसिस्टिक किडनीच्या नेहमीच्या आनुवंशिक प्रकारात पीकेडी-१ किंवा पीकेडी-२ या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. दुसरी, दुसऱ्या पालकाकडून आलेली, चांगली असते. ती चांगली प्रत पुरेसं प्रथिन बनवत नाही म्हणून पाण्याच्या गाठी वाढत जातात आणि किडनी फुगते.

या गाठींच्या पेशींत मिर-१७ चं कुटुंब वाढलेलं असतं. पीकेडी-१ आणि पीकेडी-२ या दोन्हींच्या निरोपांच्या शेपटीवर मिर-१७ बसण्याची जागा आहे. म्हणजे आधीच एका पायावर उभ्या असलेल्या माणसाचा तोही पाय कोणीतरी ओढतंय. संशोधकांनी उंदरांत ती बसण्याची जागा जनुकातून खोडून टाकली, तर चांगल्या प्रतीचं प्रथिन वाढलं आणि गाठी घटल्या. शेकडो लक्ष्यांच्या गर्दीत नेमकं कुठलं लक्ष्य महत्त्वाचं, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दाखवता येतं. मिर-२१ बाबत ते असं दाखवता आलं नव्हतं.

मिर-१७ ला पकडणारं पहिलं औषध प्राण्यांच्या मज्जासंस्थेवर जास्त मात्रेत दुष्परिणाम करत असल्याने मागे पडलं. त्याच्या जागी आलेलं दुसरं, फाराबर्सन, त्वचेखाली इंजेक्शनने देतात. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत रुग्णांच्या लघवीतली पॉलिसिस्टिन प्रथिनं (पीकेडी-१ आणि पीकेडी-२ वरून बनणारी) वाढलेली दिसली. म्हणजे ज्या जागी नेम धरला होता तिथे तो लागला. २०२५ मध्ये नोव्हार्टिसने ते बनवणारी रेग्युलस कंपनी विकत घेतली. मोठ्या चाचणीत किडनीचं काम खरंच टिकतं का, हा खरा प्रश्न अजून बाकी आहे. लाडेमर्सनचा अनुभव ताजा असताना आधीच फटाके वाजवू नयेत.

इतर किडनीविकारांत काही ठोस आहे?

दोन उदाहरणं सांगतो. आयजीए नेफ्रोपथी या किडनीविकारात रोगप्रतिकारक पेशी आयजीए या अँटिबॉडीवर साखरेचे रेणू अर्धवटच चढवतात. ही साखर चढवणाऱ्या एका विकराला मिर-१४८बी दाबतो, आणि रुग्णांच्या रक्तपेशींत तो वाढलेला सापडला आहे. गंमत म्हणजे हा मायक्रोआरएनए किडनीत नाही, रक्तात बसून किडनीचं नुकसान घडवतो.

दुसरं एफएसजीएसचं, म्हणजे काही गाळण्यांच्या काही भागांत चट्टे पडतात त्या आजाराचं. उंदरांच्या पोडोसाइटमध्ये मिर-१९३ए वाढवला की डब्ल्यूटी-१ हे प्रथिन दबतं, त्यावर अवलंबून असलेली पोडोसाइटची सगळी घडी मोडते आणि एफएसजीएससारखे चट्टे पडतात.

किडनीच्या कॅन्सरचा विषय मोठा आहे, इथे एकच ओळ: त्यातल्या नेहमीच्या प्रकारात व्हीएचएल जनुक बिघडतं, पेशीला प्राणवायू कमी पडल्याचा खोटा निरोप जातो आणि मिर-२१० वाढतो.

लघवी तपासून मायक्रोआरएनएवरून किडनीचा आजार आधीच कळेल का?

कल्पना मोहक आहे. एरवी आरएनए इतका नाजूक की मिनिटांत कुजतो, पण मायक्रोआरएनए लघवीत आणि रक्तात टिकतात. काही एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांत बसून येतात, काही आर्गोनॉटला चिकटून. शिवाय लघवीतल्या बऱ्याचशा पिशव्या थेट किडनीच्याच पेशींनी सोडलेल्या असतात, म्हणजे सुई न टोचता बायोप्सी. क्रिएटिनिन इजा झाल्यावर वाढायला एक-दोन दिवस घेतं, त्यामुळे त्याच्या आधी बोलणारी कुठलीही खूण सगळ्यांनाच हवी आहे.

घोडं अडतं ते मोजणीत. लघवी कधी पातळ, कधी दाट. लघवीतल्या क्रिएटिनिनच्या आकड्याने भागाकार करावा तर आजारी किडनीत तेही बदलतं. सगळ्यांत कायम स्थिर राहणारा एखादा "संदर्भ" मायक्रोआरएनए असावा, तर त्यावर एकमत नाही. रक्ताच्या नमुन्यात थोड्या लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातला मिर-४५१ए आणि मिर-१६ बाहेर सांडतो आणि आकडे वाहून जातात. त्यातच, किडनी फार खराब झालेल्यांच्या रक्तात एकूणच फिरते मायक्रोआरएनए कमी आढळले आहेत. मग कमी भरलेला आकडा त्या ठरावीक आजाराची खूण, की नुसती किडनी खराब असल्याची? ते तर क्रिएटिनिन आधीच सांगत होतं.

म्हणूनच एका अभ्यासात चमकलेला मायक्रोआरएनए पुढच्या अभ्यासात गायब होतो. किडनीविकाराच्या निदानाच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन आहे, मायक्रोआरएनए नाही.

तरीही एखाद्या लॅबने अशी तपासणी देऊ केली तर?

पैसे वाचवा. रिपोर्ट आला तरी त्यावरून तुमच्या डॉक्टरांना कुठलाही उपचार बदलता येणार नाही. लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर काढून घ्या. ती स्वस्त, कंटाळवाणी आणि खरोखर उपयोगाची तपासणी आहे.

ही औषधं किडनीपर्यंत पोहोचतात कशी?

याबाबतीत किडनी नशीबवान आहे. आरएनएसारखे छोटे धागे रक्तात सोडले की गाळणीतून खाली उतरतात आणि प्रॉक्सिमल ट्यूब्यूलच्या पेशी ते ओढून घेतात. मुद्दाम पत्ता न लिहिताही पाकीट बरोबर घरी जातं. पण हे नळीपुरतं. पोडोसाइटपर्यंत पुरेसं औषध पोहोचवणं अजून अवघड आहे, आणि जिथे जायला नको अशा यकृतातही ते भरपूर साठतं.

लुमासिरान हे आरएनएवरचं औषध तर २०२० पासून मिळतं. मग मायक्रोआरएनए मागे का?

लुमासिरान हा एसआयआरएनए आहे, मायक्रोआरएनए नव्हे. आर्गोनॉटची यंत्रणा दोघांची एकच, पण एसआयआरएनए एका ठरलेल्या निरोपाला पूर्ण जुळवून बनवतात आणि तो निरोप तुटतो. लुमासिरान प्रायमरी हायपरऑक्झाल्युरिया प्रकार १ मध्ये, म्हणजे यकृतात जास्त ऑक्झालेट बनवणाऱ्या आनुवंशिक आजारात वापरतात; ते काम करतं यकृतात, तिथलं ऑक्झालेट घटवतं आणि त्यामुळे किडनी वाचते. एका जनुकाचा आजार, एक लक्ष्य, सहज पोहोचता येणारा अवयव. मायक्रोआरएनएच्या वाट्याला या तिन्ही सोयी सहसा एकत्र येत नाहीत.

आहारातून मायक्रोआरएनए मिळतात का?

२०१२ मध्ये भातातला एक मायक्रोआरएनए खाणाऱ्याच्या रक्तात पोहोचून यकृतातलं जनुक दाबतो असा दावा झाला होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्यांनी प्रयोग करून पाहिला, तसं काही सापडलं नाही. या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्या-गोळ्यांपासून लांब राहा. किडनी आधीच अधू असेल तर जास्तच.

सध्या माझ्या उपचारात यामुळे काही बदलतं का?

नाही. रक्तदाब, साखर, एसीई इनहिबिटर किंवा एआरबी (रक्तदाबाची, किडनी जपणारी औषधं), योग्य रुग्णांत एसजीएलटी-२ इनहिबिटर (मूळची मधुमेहाची औषधं), हेच. पॉलिसिस्टिक किडनी किंवा अल्पोर्टसारखा आजार असेल तर मात्र आपल्यासाठी खुली चाचणी आहे का, हे किडनीच्या डॉक्टरांना अधूनमधून विचारत राहावं.

मिर-२१, मिर-१९२ यातल्या आकड्यांचा अर्थ काय?

काहीच नाही, ज्या क्रमाने नावं दिली गेली तो क्रम. २१ हा १९२ पेक्षा जोरदार किंवा कमजोर नसतो. पुढे ए, बी, सी लागलं असेल, जसं मिर-२९ए आणि मिर-२९बी, तर ती भावंडं. एखाददुसऱ्या अक्षराचा फरक. शेवटी ३पी किंवा ५पी असेल तर पिनेसारख्या दुमडलेल्या धाग्याची कुठली बाजू ते कळतं. लिन-४ आणि लेट-७ ना ही पद्धत लागू नाही, कारण पद्धत ठरण्याआधीच त्यांचं बारसं झालं होतं.